वरठीचं आकाश

खोली भाड्याने देण्याआधी सरांनी मला भिंतीचा वास घ्यायला लावला.

साकोलीच्या कॉलेजात मराठी शिकवायला मी नुकताच रुजू झालो होतो. भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झाल्याला फार काळ लोटला नव्हता. तलावाकडे उतरणाऱ्या गल्लीत सरांचं कौलारू घर होतं आणि त्याच्या पुढच्या अंगाची खोली रिकामी होती. सर आमच्याच कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत. मी बॅग खाली ठेवली आणि भाडं विचारलं.

"भाड्याचं मंग पाहू जी," सर म्हणाले. "आधी नाक लावा भिंतीले."

मी वर्ध्याकडचा माणूस. आमच्याकडे घरमालक लग्न झालंय का, मटण खाता का, एवढंच विचारतात. पण गरज माझी होती, म्हणून नाक लावलं.

"कसा वास आहे?"

"ओलसर."

"ओलसर हा वास नाही, स्पर्श आहे. पुन्हा घ्या."

पुन्हा घेतला. मग त्यांनी माठातलं पाणी पाजलं आणि गिळू नका, जिभेवर धरा म्हणाले. मग काडी पेटवून तिच्या उजेडात माझं तोंड निरखलं. मग खिडकीपाशी शर्टाची वरची बटणं उघडी टाकून बसवलं. शेवटी म्हणाले, "आता खोलीच्या मधात उभे राहा अन् एक टाळी वाजवा." मी वाजवली. सर डोळे मिटून ती टाळी विरेपर्यंत ऐकत राहिले. डोळे उघडले तेव्हा चेहरा प्रसन्न होता.

"जमलं. खोलीनं घेतलं तुमाले. राहा आता बिनघोर."

इतका वेळ मी समजत होतो की ते मला खोली दाखवताहेत. ते मलाच खोलीला दाखवत होते.

पंचमहाभूतं आपण सगळ्यांनीच ऐकलेली असतात. पृथ्वी, पाणी, तेज, वायू, आकाश. जुन्या वैशेषिक दर्शनात प्रत्येकाचा एकेक खास गुण सांगितलेला आहे. पृथ्वीचा गंध, पाण्याची चव, तेजाचं रूप, वायूचा स्पर्श आणि आकाशाचा शब्द, म्हणजे आवाज. बी.ए.ची मुलं हे पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि मोकळी होतात. सरांनी ते खरं मानलं होतं, एवढाच काय तो घोटाळा.

अंगाने सर काटकुळे, पण नाक चांगलं भरदार. त्या नाकाला ते 'माझं पृथ्वीचं इंद्रिय' म्हणत आणि पडसं झालं की पृथ्वीशी संबंध तुटला म्हणून उदास होत. कानात तेल घालायला त्यांची सक्त मनाई होती. कानाच्या पोकळीतलं आकाश म्हणजेच कान, तिथे तेल ओतायचं म्हणजे काय! घरात पंखा नव्हता. पंख्याचा वारा हा ढवळलेला वारा असतो, तो अंगाला लागतो पण भेटत नाही, असं त्यांचं म्हणणं. मे महिन्यात साकोलीचं डांबर चपलेला चिकटतं. तशा उन्हात मी खोलीत ओला पंचा पांघरून पडून राहायचो आणि सर ओसरीवर बसून मोठ्या समाधानाने घामाघूम होत असायचे.

काकू, सरांच्या पत्नी, मात्र या सगळ्याला पुरून उरलेल्या होत्या. त्या शाळा फारशा शिकल्या नव्हत्या आणि सरांच्या दर्शनांत त्यांनी कधी डोकं घातलं नाही. "पानी भरावं मीनं, चूल पेटवावी मीनं, सारवावं मीनं," त्या मला सांगायच्या, "अन् तत्त्वं सांगावं यायनं!" सर कॉलेजात गेले की त्या कोठीतून माहेरचा एक टेबलफॅन काढायच्या आणि सर परतायच्या आत परत आत ठेवायच्या. सरांना हे माहीत होतं असा मला दाट संशय आहे, कारण गेटची कडी ते फार वेळ वाजवत असत.

मुलांची नावंही सरांनी तत्त्वांवरूनच ठेवली होती. थोरला अनिल, म्हणजे वारा. तो नावाला जागून कायम बाहेर, पुण्याला नोकरीत. धाकटी वसुधा, म्हणजे पृथ्वी. ती मी आलो तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती आणि सरांच्याच वर्गात पहिल्या बाकावर बसायची. घरात तिला 'वसू, इकडं ये वो' म्हणणारे सर वर्गात तिला 'तुम्ही' म्हणत. 'वसुधाताई, तुम्ही उत्तर द्या.' तीही उभी राहून 'हो सर' म्हणायची. घरी आल्यावर पुन्हा बाबा. कॉलेजच्या फाटकात हा पालट व्हायचा आणि दोघांनाही त्यात काही चमत्कारिक वाटत नसे.

सरांचा वर्ग बघायला मी मुद्दाम मागे जाऊन बसायचो. पृथ्वी शिकवायची असली की ते मुलांना आपापल्या बांधीतलं, म्हणजे धानाच्या शेतातलं, एकेक ढेकूळ आणायला सांगत. टेबलावर ढेकळांची रांग लागे. सर एकेक उचलून हुंगत आणि गाव सांगत. दहातली सहा-सात बरोबर यायची. बाकीची चुकली की मुलगा खोटं बोलतो असं त्यांचं मत होई. एकदा लाखनीकडच्या एका मुलाचं ढेकूळ नाकाशी नेऊन त्यांनी झटकन दूर केलं. "ही माती नाही बापा, हे सोसायटीचं गोदाम आहे. केवढा युरिया टाकला रे तुह्या बापानं!" वर्ग हसला. पुढच्या आठवड्यात त्या मुलाचे वडील स्वतः आले, सरांना शेतावर घेऊन गेले, आणि दोघंजण बांधावर बसून माती हुंगत होते म्हणतात.

गोंदिया वेगळं झालं तेव्हा कॉलेजात फार वाद झडले होते. कोणाचं गाव इकडे, सासुरवाडी तिकडे. सर म्हणे स्टाफरूममध्ये एवढंच म्हणाले, "मातीले कोन सांगन का तू आजपासून गोंदियाची?" आणि पुन्हा चहाचा वास घेत बसले.

आकाश शिकवणं सगळ्यांत अवघड. ते दिसत नाही, हुंगता येत नाही, चाखता येत नाही. मग ते आहे हे मानायचं कशावरून? जुन्या पंडितांनी त्याला युक्ती काढली. आवाज हा गुण आहे, आणि गुणाला कोणीतरी धनी लागतो. तो मातीचा नाही, पाण्याचा नाही, विस्तवाचा नाही, वाऱ्याचा नाही. एकेक नाव काटत गेलं की जे उरतं ते आकाश. याला परिशेष अनुमान म्हणतात. सर ते असं शिकवत:

"माह्या घरी डब्यातले लाडू संपले. आता पाहा. काकू माहेरी होत्या. अनिल पुण्यात. वसुधाताई तुमच्या समोर, त्यांना गोड चालत नाही. भाडेकरू सर वर्ध्याला गेले होते. मग लाडू कोणी खाल्ले?"

"सरांनी!" वर्ग ओरडायचा.

"कोणी पाहिलं?"

"कोणीच नाही!"

"मग कसं कळलं?"

"दुसरं कोणी उरलंच नाही, सर!"

"याचं नाव परिशेष," सर फळ्याकडे वळत. "माणूस लपू शकतो, पण उरलेला माणूस लपू शकत नाही."

त्या वर्गात एकच मुलगा सरांशी वाद घालायचा. मिलिंद. वरठीचा, वडील तिथल्या स्टील प्लांटात होते, पण हा साकोलीला मामाकडे राहून शिकत होता. छप्पन साली दीक्षा घेतलेलं घर. आजोबांपासून घरात वाचायची सवय. तो उभा राहून म्हणायचा, "सर, आमच्या परंपरेत मूळ महाभूतं चारच आहेत. आकाश म्हणजे नुसती मोकळी जागा. तिला तत्त्व कशाला म्हणायचं?" सरांचा चेहरा असा काही उजळायचा की बस. "बसा! याले म्हनते पूर्वपक्ष! लिहून घ्या सगळे, याचं म्हणणं लिहून घ्या!" तास संपला तरी दोघांचं संपत नसे. बसस्टँडसमोरच्या टपरीवर चहाचे ग्लास निवत ठेवून ते चार विरुद्ध पाच भांडत असत. मिलिंद हरत नसे आणि सरांनाही तो हरायला नको असे. माझ्या देखत एकदा ते म्हणाले, "हा पोरगा वर्गात नसता तं मी आकाश कवाच सोडून दिलं असतं."

असल्या माणसाची गावात टिंगल होते हे सांगायला नको. ती व्हायचीच. एकदा संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांच्या आईच्या शोकसभेत कोणी वक्ता म्हणाला की माउली पंचतत्त्वांत विलीन झाल्या. सर मागून उठले. "माफ करा, पण शरीर पृथ्वीचं. ते पृथ्वीतच जाते. आकाश एकच आहे, अखंड आहे, सगळीकडे आहे. त्यात नवीन कोणी विलीन होऊ शकत नाही. तेवढं दुरुस्त करावं." त्यानंतर कितीतरी दिवस सरांना कुठल्या शोकसभेचं बोलावणं नव्हतं. त्यांना वाटलं, गावात सगळे धडधाकट आहेत.

पण टिंगल करणारे तेच लोक मुलीसाठी स्थळ बघायला निघाले की सरांच्या दाराशी यायचे. "चला जी सर, एकदा पाहून घ्या घर." कारण सरांची परीक्षा सहसा चुकायची नाही. मुलाच्या घरी गेलं की ते पोहे बाजूला सारत आणि आधी पाणी मागत. मग अंगणातली चिमूटभर माती हुंगत. मग थेट चुलीपाशी जाऊन विस्तवाच्या उजेडात घरातल्या बायांची तोंडं बघत, भाजलेली आहेत की उजळलेली. मग दारात बसून वारा अंगावर घेत. शेवटी डोळे मिटून बसत आणि त्या घरात माणसं एकमेकांना हाक कशी मारतात ते ऐकत. एका बड्या घरी, ट्रॅक्टर, दुमजली बांधकाम, सगळं असताना, ते डोळे उघडून म्हणाले होते, "इथं आकाश नाही. या घरात सुनेचा आवाज कुठूनच आला नाही." ते स्थळ मोडलं. पुढे त्या घरची सून माहेरी निघून गेली तेव्हा लोक म्हणाले, सरांना भलतंच कळतं. मी म्हणेन, त्यांना साधंच कळत होतं. फक्त ते ऐकायला डोळे मिटून बसत होते.

आता मूळ गोष्टीवर येतो, कारण ती सांगितल्याशिवाय सर पुरे सांगून होणार नाहीत.

बी.ए. झाल्यावर मिलिंद वरठीला परत गेला आणि प्लांटातच स्टोअरमध्ये लागला. वसुधा साकोलीच्या एका खाजगी शाळेत शिकवू लागली. आणि एका संध्याकाळी तिने ओसरीवर, माझ्यासमोर, आईबापांना सांगितलं की तिला मिलिंदशी लग्न करायचं आहे. काकू घाबरून सरांकडे पाहू लागल्या. सर मात्र हसले. "मिलिंद? तो चारवाला?" मग म्हणाले, "चांगला आहे पोरगा. पण घर पाहावं लागन."

वसुधाच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते मी विसरलेलो नाही. तिला वाटलं, झालं काम.

बातमी कुठून पोचली कोण जाणे, दोनच दिवसांनी करडीहून फोन आला. करडी सरांचं गाव. तिथे त्यांचे थोरले भाऊ होते, ज्यांना सर दादा म्हणत. वडील लवकर गेल्यावर या दादांनी शाळा सोडून शेती धरली होती आणि सरांना शिकू दिलं होतं. सर दादांसमोर कधी खुर्चीवर बसत नसत. फोन शेजाऱ्यांकडे आला होता. सर बोलून परत आले ते चप्पल न काढताच आत गेले. काकूंनी मला नंतर सांगितलं, दादा म्हणाले होते, "पोरगी तिकडं देशीन तं करडीची वाट विसर."

रविवारी सर आणि मी वरठीला गेलो. साकोलीहून एसटीने भंडारा, तिथून ऑटो. वाटेत सर खिडकीबाहेर बघत बसले. मी मनाशी म्हटलं, विचार करत असतील.

मिलिंदचं घर रेल्वे लाइनपासून जवळ. छोटं, नेटकं, अंगणात वांग्यांचा वाफा. वडील नुकतेच निवृत्त झालेले. "जय भीम, या जी," म्हणून त्यांनी आम्हाला खाटेवर बसवलं. मिलिंदची आई पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी येऊन थांबली. पुढे यावं की न यावं असं तिचं चाललेलं मला स्पष्ट दिसलं. पाहुण्यांनी "तहान नाही" म्हटल्याचे प्रसंग त्या बाईने आयुष्यात किती पाहिले असतील कोण जाणे. सरांनी हात पुढे करून तांब्या घेतला, घोटभर पाणी तोंडात घोळवलं, गिळलं आणि म्हणाले, "विहिरीचं आहे ना? अजून आना." दुसरा तांब्याही ते प्यायले. बाईचं तोंड एकदम मोकळं झालं आणि ती लगबगीने चहा टाकायला वळली.

मग सगळं रीतसर झालं. वाफ्यातली माती हुंगून सर मान डोलवत म्हणाले, "वा." चुलीपाशी जाऊन आले. दारात बसून वारा घेतला. मिलिंद एका बाजूला उभा राहून हसू दाबत होता; त्याला या परीक्षेचा अभ्यासक्रम पाठ होता. शेवटी सरांनी डोळे मिटले. घरातले सगळे बोलणं थांबवून बसले, आणि सरांनीच खूण केली की बोला, नेहमीसारखं बोला. आतून मिलिंदची आई पाहुणी आलेल्या आपल्या बहिणीला काहीतरी सांगून हसत होती. वडिलांनी तिला हाक मारली, तिने आतूनच टोलवलं. एक मालगाडी गेली. सर फार वेळ डोळे मिटून होते. उघडले तेव्हा त्यांनी कोणाकडेच बघितलं नाही.

"येतो," ते म्हणाले. "कळवतो."

ऑटोत बसल्यावर म्हणाले, "आकाश नाही तिथं." मला राग आला होता. घराला नव्हे, सरांनाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर त्यांनी निर्णय सांगितला. वसुधा उंबऱ्यात बसून ऐकत होती. ती रडेल असं मला वाटलं. ती उठून उभी राहिली, वर्गात उभी राहायची तशी.

"सर," ती म्हणाली, "एक शंका आहे."

बाबा नाही, सर. सरांनी चमकून वर पाहिलं.

"माती कशी होती?"

"चांगली होती."

"पाणी?"

"गोड. असं पाणी साकोलीत नाही."

"तेज? वारा?"

"चांगलं होतं म्हणतो ना. पण आकाश..."

"आवाज कसला आला?"

"मालगाडीचा. रेल्वे आहे तिथं. मानसाचा शब्द ऐकू येत नाही."

"तुमसर रोडच्या आत्याच्या घरामागूनही रेल्वे जाते सर. तिच्या लग्नाआधी ते घर तुम्हीच पास केलं होतं."

सर अंगणाकडे बघू लागले.

"आणि तुम्हीच शिकवलं की आकाश एकच आहे, अखंड आहे, सगळीकडे आहे. मग साकोलीत आहे, करडीत आहे, आणि वरठीच्या एका घरातच नाही, असं कसं होईल?" ती आता बोटांवर मोजू लागली. "म्हणजे दोष आकाशाचा नाही. मातीचा नाही, पाण्याचा नाही, विस्तवाचा नाही, वाऱ्याचा नाही. मुलाचा नाही, तो तुमचा आवडता आहे. मग काय उरलं सर? तुम्हीच सांगा."

तो शब्द वसुधाला उच्चारवत नव्हता. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात परात. त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सरांच्या विषयात तोंड घातलं.

"जात उरली," त्या म्हणाल्या. "दुसरं काय उरनार हाय?"

सर उठले आणि चप्पल न घालता तलावाकडे निघून गेले.

त्यानंतरचे दिवस त्या घरात फार वाईट गेले. सर समोर येईल ते खात, न हुंगता, न चाखता. काकूंनी टेबलफॅन उघड उघड ओसरीवर आणून लावला तरी ते काही म्हणाले नाहीत, आणि त्यामुळे काकूच जास्त घाबरल्या. वर्गात ते अनुमानाचा धडा सुरू करून मध्येच थांबले, खडू ठेवला आणि बाहेर पडले. मला त्यांचा राग होता तो कुठे गेला कळलंच नाही. माणूस स्वतःच्या शिकवण्यात असा सापडलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो आणि मला त्यांच्याबद्दल माया वाटली. खोटेपणा सगळेच करतात. पण ज्यांना तो सोसत नाही असे थोडे.

एक दिवस ते एकटेच करडीला जाऊन आले. काय झालं विचारलं तर म्हणाले, "दादाले सांगतलं. दादा बोलला नाही." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मी खुर्चीवर बसून बोललो." मग कपाळ पुसत म्हणाले, "चला, वरठीले जाऊ. तुमी काही बोलू नका, नुसते बसा. मले एकट्यानं जमनार नाही."

मिलिंदचे वडील अंगणात सायकल पुसत होते. सर खाटेवर टेकलेही नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "मी त्या दिवशी तुमच्या घरात खोट काढली. खोट नव्हती. मी जातीले भ्यालो, अन् नाव आकाशाचं घेतलं. माफी मागाले आलो."

म्हाताऱ्याने फडकं सायकलच्या दांडीवर वाळत घातलं. "बसा जी सर," तो म्हणाला. "मले त्या दिवशीच समजलं होतं. डोये उघडल्यावर तुमी आमच्याकडं पाह्यलं नाही ना, तवाच. आमाले हे लवकर समजते. सवय हाय."

सरांना हे फार लागलं. शिवी दिली असती तर त्यांनी सोसली असती. ते मटकन खाटेवर बसले.

तेवढ्यात मिलिंद ड्युटीवरून आला. मोटरसायकल लावून तो सरांसमोर येऊन उभा राहिला, आणि पहिल्यांदा मी त्याला सरांशी बोलायला शब्द शोधताना पाहिलं. वसुधाने त्याला सगळं कळवलंच होतं. सरांनी त्याच्यासमोरही तेच शब्द पुन्हा म्हटले, एकही कमी न करता. तो खाली मान घालून ऐकत राहिला.

"सर," तो शेवटी हळूच म्हणाला, "मी अन् बाबानं आईले काहीच सांगतलं नाही. तुमी दोन तांबे पानी पेले होते ना, ती खूप खूश होती. साऱ्या मोहल्ल्यात सांगून आली. तिले आता कसं सांगावं, समजतच नव्हतं."

सर काही बोलणार, तोच आतून मिलिंदची आई आली. हाताला कणीक, पदराने तोंड पुसत. आम्हा चौघांच्या तोंडाकडे तिने आळीपाळीने पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवला.

"काय जी, मानसं मानसंच बोलून राह्यले! मले तं सांगा, तारीख काढली का नाही? माह्या बहिनी रोज इचारून राहिल्या."

मिलिंदने तोंड फिरवलं. वडील पुन्हा सायकल पुसू लागले. सर खाटेवरून उठले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"तेच इचारायले आलो, बाई," त्यांनी हात जोडले. "तुमी म्हनान तो दिवस."

"धान निघू द्या मंग," ती म्हणाली. "घाई कायले? आता तं ठरलंच हाय."